उरलेला अर्धा टक्का

पारदर्शकता हे गॅस कंपनीचं व्रतच होतं. म्हणूनच ऑनलाइन सभेत लोकांचे प्रश्न प्रताप आधी गाळायचा. अमेरिकेत खडक फोडून काढलेला गॅस आयर्लंडमध्ये आणायचा होता. प्रतापच्या शेजारी, लॉकडाउनमुळे आयर्लंडात त्याच्याकडे लिमरिकलाच अडकलेली नागपूरची आई बसली होती. ती पाकिटावरचे घटक भिंगातून वाचल्याशिवाय बिस्किटही घरात घेत नसे. "खडकात साडेनव्याण्णव टक्के पाणी आणि वाळूच सोडतात," पडद्यावर साहेब म्हणाले. "उरलेला अर्धा टक्का?" आईने विचारलं. "रसायनं. नावं गुपित असतात," प्रताप म्हणाला. "बिस्किटवाला सांगते ना! विचार तुह्या साहेबाले." प्रतापचं वर्क परमिट याच साहेबांच्या सहीवर अडलं होतं. तरी त्याने आईचा प्रश्न निनावी करून पुढे सोडला. साहेबांनी तो वाचला. "उत्तम प्रश्न! पंधरवड्यात लेखी उत्तर देऊ." "पाह्य, विचारलं की सांगतात," आई म्हणाली. लेखी उत्तरं प्रतापच लिहायचा. नावं त्यालाही माहीत नव्हती.