दिवेवाल्याची फेरी

दारासमोरच्या खांबावरचा दिवा आपोआप लागला, तसा दिवेवाल्याने खुंटीवरचा किल्ल्यांचा जुडगा काढला.

"अहो, दिवे आता उन्हावर चालतात. आपले आपण लागतात. मग हा जुडगा घेऊन कुणाचं कुलूप उघडायला निघालात?" बायकोने विचारलं.

"येतो जाऊन," म्हणत त्याने चपला पायात सरकवल्या.

कुठेतरी पाणी मुरत होतं, नक्की. एकतीस वर्षं संध्याकाळी गल्लोगल्ली फिरून दिव्यांचे खटके ओढायचं त्याचं काम. ती वेळ त्याची खांबांची, तिची एकटीची. तीन महिन्यांपूर्वी सौर दिवे आले, साहेबाने त्याला दिवसा गोदामात बसवलं. फेरी संपली. पण फिरणं कुठे संपलंय! त्यात कालपासून नवीनच थेर. निघताना केसांना पाणी लावून भांग पाडतो. या वयात! कुणासाठी?

काल आणि परवाही ती त्याच्या मागे गेली होती, पण पिठाच्या गिरणीपाशी धीर सुटून परतली. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच. ती भिंतीच्या कडेकडेने निघाली.

नवे दिवे भलतेच काटकसरी. रस्त्यावर कुणी नसलं की मिणमिणते, माणूस खाली आलं की लख्ख. नवरा प्रत्येक खांबाखाली क्षणभर थांबे, वर बघे, मान डोलावून पुढे जाई.

गिरणी मागे पडली. गल्लीच्या टोकाला, खटक्याच्या जुन्या पेटीपाशी तो थांबला. आता येईल ती बया!

कुणी आलं नाही. त्याने पेटीचं कुलूप उघडलं. आत तारा कापलेल्या, नुसता खटका उरलेला. त्याने तो खाली ओढला, दार लावलं, कुलूप घातलं आणि एकदा हिसडा देऊन पाहिलं. झालं, एवढंच.

तिला स्वतःची लाज वाटली, हसूही आलं. गुपचूप घरी पळावं म्हणून ती वळली.

"थांब, बरोबरच जाऊ," तो मागे न बघताच म्हणाला.

"तुम्हाला... कसं कळलं?"

त्याने वर बोट केलं. तिच्या डोक्यावरचा दिवा लख्ख पेटला होता. "परवापासून बघतोय. मी पुढे आलो तरी मागचा उजेड कमी व्हायचं नाव घेत नाही."

"मग परवाच का नाही बोललात?"

त्याने जुडगा खिशात टाकला. "बोललो असतो, तर काल आली असतीस?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. भांग अजून ओला होता.