सात वर्षांत एक फोन नाही

"मावशी, शाल आवर. पट्ट्यात अडकली तर तुझीच वडी पडेल," भाचा म्हणाला.

मावशीने शाल काढली, घडी घातली आणि पिशवीत ठेवली. पस्तीस वर्षं इस्पितळात नर्स होती ती. कामाच्या जागी सांगितलेलं ऐकायची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती.

साबणाच्या कारखान्यातला पॅकिंगचा विभाग होता तो. पट्ट्यावरून वड्या येत होत्या. एक पिवळा यांत्रिक हात सहा-सहा वड्या उचलून खोक्यात मांडत होता. शेजारी माणसाच्या उंचीचं करडं कपाट होतं. हाताला हुकूम सुटायचा तो या कपाटातून. दोन्हीवर एकाच कंपनीचा निळा शिक्का.

ही कंपनी भाच्याच्या मनात भरली होती. लोकांना शेअर सुचवणं हाच त्याचा धंदा. घरी फाइल उघडून त्याने सगळं दाखवलं होतं. डोक्यावर कर्ज नाही, तीन वर्षं पुरतील इतक्या ऑर्डरी हातात.

"कागद छान आहे रे," मावशी म्हणाली होती, "पण मी आधी पेशंट बघते, मग कागद."

म्हणून ही फेरी. निवृत्तीच्या पैशांतले निम्मे ती लावणार होती. ते बुडाले तर पुन्हा कमवायचं वय राहिलं नव्हतं.

"बसवून गेले ते गेले," कारखान्याचे मॅनेजर अभिमानाने सांगत होते. "सात वर्षांत कंपनीच्या माणसाचं तोंड पाहिलेलं नाही. एक फोन करायची वेळ आली नाही."

भाच्याने मावशीकडे असं पाहिलं, जणू स्वतःचाच मुलगा वर्गात पहिला आला होता.

"देखभाल कोण करतं मग?" मावशीने विचारलं.

"हे आमचे डॉक्टर."

कपाटाला टेकून उभा असलेला फिटर ओशाळला. पन्नाशीचा माणूस, खिशाला स्क्रूड्रायव्हर.

"डॉक्टर का म्हणतात हो तुम्हाला?"

"मस्करी करतात, बाई."

"मी सिस्टर. म्हणजे आपलं जमायला हरकत नाही."

खोकी चिकटवणाऱ्या बायका फिसकन हसल्या. "सिस्टर, त्यांना आधी सुट्टी लिहून द्या," एकजण म्हणाली. "रविवारीसुद्धा येऊन बसतात इथं."

"घरात करमत नाही," फिटर म्हणाला.

मावशी कपाटाजवळ गेली. "किती स्वच्छ ठेवलंय. दाराचे स्क्रूसुद्धा चकाकतायत."

"डॉक्टरांची शिस्त," मॅनेजर म्हणाले आणि भाच्याला पलीकडची नवी लाइन दाखवायला घेऊन गेले.

"बिघडतो का कधी हा?" मावशीने विचारलं.

"नाही."

"थकतो?"

फिटरने खिशातलं फडकं काढलं. "उन्हाळ्यात सांभाळून घ्यावं लागतं."

"कंपनीला विचारून?"

"पहिल्या वर्षी विचारलं होतं." एवढं बोलून तो फडक्याने कपाटाचं दार पुसू लागला. दारावर धूळ नव्हती.

मावशी नुसती उभी राहिली. हाताचा ठेका ऐकत, नाडी मोजावी तशी बोट हलवत. उचल, वळ, ठेव. उचल, वळ, ठेव. फिटरने एकदम मान वळवली. त्यानंतर यांत्रिक हात क्षणभर अडखळला. फिटरने कपाटामागे हात घातला आणि ठेका पुन्हा लागला. मॅनेजरांचं बोलणं चालूच होतं.

"बोटं भाजलीत तुमची."

"चहा सांडला."

मावशीने पिशवीतून मलमाची ट्यूब काढून त्याच्या तळव्यावर ठेवली. "दिवसातून दोनदा. आणि विसरायचं नाही."

"हो, सिस्टर," तो शाळेतल्या पोरासारखा म्हणाला.

फाटकाबाहेर येताच भाच्याला राहवेना. "बघितलंस? सात वर्षं, एक फोन नाही! अशी कंपनी दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही."

"बघितलं."

"मग?"

"उद्या सकाळची प्रार्थना झाली की सांगते."

"देवाला शेअर बाजारातलं काय कळतं गं?"

"त्याला नसेलही कळत. गप्प बसलं की मला बरं सुचतं."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता भाचा फॉर्म घेऊन हजर झाला. मावशी नुकतीच आसनावरून उठली होती. चेहरा प्रसन्न. तिने दोन कप चहा ओतला.

"ठरलं. पैसे लावायचे."

"सगळे एकाच ठिकाणी?"

"एकाच ठिकाणी. काम डोळ्यांनी बघितलंय मी. शांत झोप लागली रात्री."

"सांगत नव्हतो तुला?" भाच्याने पेनाचं टोपण काढलं आणि सुबक अक्षरात कंपनीचं नाव लिहिलं.

मावशीने चष्मा लावून ते वाचलं.

"हे खोड."

"का? स्पेलिंग चुकलं?"

"सात वर्षांत दुरुस्ती नाही म्हणतोस, मग त्या कपाटाच्या स्क्रूंच्या खाचा उघडून-उघडून पार झिजल्या कशा रे?" तिने चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. "घे, गार होईल. आणि डॉक्टरांना फोन लाव. म्हणावं, स्वतःची कंपनी काढा, पहिली भागीदार तयार आहे."