पहिल्या दिवसाचं दही

"आई, दही दे ना लवकर! पहिल्याच दिवशी उशीर नको."

शाल्मलीने उजवा हात पुढे केला. प्राजक्ता वाटीतली साखर उगाच ढवळत राहिली. मुलीच्या कानामागे सुईच्या तीन खुणा होत्या. शेवटची अजून लालसर होती.

सहा महिन्यांची बिनपगारी इंटर्नशिप संपली, की कंपनी कानामागे सुई टोचून तिथलं आणि त्याबद्दल घरी बोललेलंही सगळं पुसून टाकायची. शिकवलेलं कौशल्य कंपनीच्या मालकीचं, ते बाहेर कसं नेऊ द्यायचं, अशी मखलाशी वर करायची. मुलगी कोरी होऊन घरी यायची, काही दिवस नुसती झोपून काढायची आणि मग त्याच कंपनीची जाहिरात बघून हरखून जायची. शहरात दुसरी जाहिरात नसायचीच.

याही वेळी प्राजक्ताला राहवलं नाही.

"शाल्मली, तू तिथे आधी राबून आलीयस गं. तीनदा. फुकट काम करून घेतात आणि शिकलेलं काढून घेतात."

शाल्मलीचा हात कानामागे गेला. बोटं एकेका खुणेवर थबकली. प्राजक्ताने श्वास रोखला. आता तरी ही चिडेल, बॅग भिरकावून देईल.

शाल्मलीचा चेहरा उजळला.

"तीनदा? म्हणजे माझं काम आवडतंय त्यांना! नाहीतर पुन्हा पुन्हा कशाला घेतील?"

प्राजक्ताने तिच्या तळहातावर दही घातलं. मागच्या खेपेला "दोनदा?" म्हणून ती अशीच हसली होती.