पन्नासावा कॉल

महिन्यात दुरुस्तीचे पन्नास कॉल भरले की कमिशन दुप्पट व्हायचं, आणि वॉशिंग मशीन कंपनीतल्या मेकॅनिक प्रसेनजीतला शेवटच्या दिवशी एकच कॉल कमी पडत होता. तो तडक मंगळवार पेठेतल्या घरी आला आणि हातोडा घेऊन स्वतःच्याच वॉशिंग मशीनवर तुटून पडला. काच फुटली, पत्रा चेपला, मनगटातनं रक्त आलं, तरी गडी थांबेना.

"अवो, काय करालाय हे?" बायको किंचाळली.

"गप! कंपनीत तक्रार लाव आधी!"

तासाभरात दार वाजलं. कंपनीतला दुसरा मेकॅनिक जयसिंग दात काढत उभा होता.

"स्वतःच्या घरचा कॉल स्वतःला देत न्हाईत, भावा! पण तुझ्या मशीननं माझे पन्नास भरले की!"



हातोडा अजून प्रसेनजीतच्या हातातच होता.