डिंकाचा थेंब

दोनशे अठरा आणि दोनशे एकोणीस ही पानं अजून चिकटलेलीच होती.

सिस्टरबाईंनी बाड खिडकीशी नेलं, चष्मा चढवला, कडेवरून नख फिरवून पाहिलं. त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेला डिंकाचा थेंब जिथल्या तिथे होता. सोबतच्या पत्रात मात्र ऐटीत लिहिलं होतं, ‘आपली कादंबरी शेवटपर्यंत काळजीपूर्वक वाचली. छापू शकत नाही. काही विचारायचं असल्यास समक्ष भेटावं.’

“काळजीपूर्वक म्हणे,” त्या म्हणाल्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

धाकटी बहीण भाजी निवडत बसली होती. “ताई, हा तिसरा प्रकाशक. सोड ना आता नाद.”

“नाकारलं याचं काही नाही गं. पण ही शुद्ध लबाडी झाली.”

डिंकाची युक्ती लेखन शिबिरातल्या मास्तरांची. आठ रविवार शिबिर चाललं. भोगलंय तेच लिहा, विशेषणं कापा, प्रकाशकाला फोन करून पिडू नका, असं बरंच काही मास्तरांनी शिकवलं. शेवटच्या दिवशी त्यांनी हळूच हेही सांगितलं, की समोरासमोरच्या दोन पानांच्या कडेला डिंकाचा एक थेंब लावून ठेवायचा. बाड परत आलं आणि थेंब सुटलेला नसला, तर समजायचं की कुणी वाचलेलंच नाही. पहिल्या दोन प्रकाशकांकडूनही पानं तशीच चिकटलेली आली होती. पण त्यांनी निदान वाचल्याचा आव तरी आणला नव्हता. दोन ओळींत वाटाण्याच्या अक्षता लावून ते मोकळे झाले होते.

“पण दर वेळी तीच पानं का चिकटवतेस?” बहिणीनं विचारलं.

“अख्खं पुस्तक त्या दोन पानांसाठी लिहिलंय. बाकी सगळा पाल्हाळ. तीच कुणी वाचणार नसेल, तर तीन वर्षं मी काय झक मारली?” बाईंनी बाड पिशवीत कोंबलं. “छत्री कुठंय माझी?”

प्रकाशकाचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यातसुद्धा न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे. आत कोपऱ्यातल्या टेबलाशी परीक्षक बसले होते. आलेली हस्तलिखितं वाचून कोणतं छापायचं आणि कोणतं नाही, हे ठरवायचं त्यांचं काम. साठी उलटलेली, किडकिडीत अंगकाठी, कानावर पेन्सिल. लोकांच्या आयुष्याचा निकाल लावणारा माणूस असा दिसतो होय, असं बाईंच्या मनात आलं.

“हे तुम्ही वाचलंत?” त्यांनी बाड टेबलावर आपटलं.

“हो.”

“साफ खोटं.” बाईंनी चिकटलेली पानं उघडून, म्हणजे न उघडता, त्यांच्या नाकासमोर धरली. “मग हे काय आहे?”

परीक्षकांनी पानांकडे पाहिलंच नाही. ते बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. निर्लज्जपणाची कमाल झाली.

“लहान मुलांच्या वॉर्डात एकतीस वर्षं पायावर उभी होते मी,” बाई म्हणाल्या. “निवृत्त झाल्यावर दोन बोटांनी टायपिंग शिकले. प्रत्येक पान चार चारदा लिहिलं. आणि तुम्हाला बसल्या जागी एक पान उलटवत नाही? वर पत्रात काळजीपूर्वक लिहिता? जनाची नाही, मनाची तरी ठेवा.”

परीक्षकांनी खुर्ची पुढे सरकवली. बाई बसल्या नाहीत.

“एक विचारू?” ते म्हणाले. “ही मनानं रचलेली गोष्ट आहे, की घडलेली?”

“रचायला मला कुठलं येतंय? शब्द न् शब्द घडलेला आहे.”

“आणि त्यातली नर्स?”

बाई जरा अडखळल्या. शिबिरात हे कुणी विचारलं नव्हतं.

“मीच ती,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर छापून यायला हवं. तोंडानं सांगायची हिंमत आयुष्यात झाली नाही. वाटलं, लिहिलं तर निदान कुणीतरी वाचेल, मग माझं काय व्हायचं ते होवो.” त्यांचा आवाज पुन्हा चढला. “पण तुम्ही ते पानच उघडलं नाहीत.”

परीक्षकांनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

“शेजारच्या खाटेचं इंजेक्शन नर्स सहा वर्षांच्या मुलीला देते,” ते सावकाश म्हणाले. “सुई टोचली की मुलगी दहापासून उलटे आकडे मोजते. त्या दिवशी तीनपाशी थांबते. बाहेर बाकावर आईबाप बसलेले असतात. डॉक्टर त्यांना सांगतात, तिचं हृदयच कमजोर होतं. नर्स दारात उभी असते आणि गप्प राहते. दोनशे अठरा, दोनशे एकोणीस.”

बाई खुर्चीत बसल्या.

“डिंक वाफेवर सुटतो,” परीक्षक म्हणाले. “वाचून झाल्यावर मीच पुन्हा लावला.”

“कशासाठी?”

“तो शाबूत दिसला की लेखक भांडायला स्वतः येतो. मला तुम्हाला समोर बघायचं होतं.”

“मग वाचूनही नाकारलंत का?” बाईंचा आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. “काय चुकलं त्यात?”

“ती वीसपासून मोजायची,” परीक्षक म्हणाले. “दहा लवकर संपतात म्हणून मीच तिला वीसपासून शिकवलं होतं.”