कातरीनमायचं कम्युनियन

रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपून फादर रेमंड आले, तेव्हा जाईबाई कातरीनमायचे केस विंचरत होती. त्र्याण्णवचा मे महिना होता. फादर घामानं भिजले होते. तिनं खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

ते कशासाठी आलेत हे तिला माहीत होतं. बस्त्याव मास्तर आदल्या संध्याकाळीच सांगून गेले होते. उत्तन गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना दर रविवारी घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सेत देतात ती पवित्र भाकरीची पातळ चकती, नेऊन द्यायचं काम मास्तरांकडे होतं. कातरीनमायला गिळायला अर्धा तास लागे आणि मास्तरांना पुढे सहा घरं असत. म्हणून चार महिने ते पवित्र भाकर जाईबाईच्या हाती देऊन निघून जात. जाईबाई म्हातारीच्या सेवेला ठेवलेली, शेजारच्या आळीतली, हिंदू. शेवटी मास्तरांनी आपणहून फादरना सांगून टाकलं. फादरनी ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं.

“तुम्ही कसं देत होता?” फादरनी विचारलं.

जाईबाईनं सांगितलं. अंघोळ करायची, डोक्यावर पदर घ्यायचा. भाकरीचे चार तुकडे करायचे आणि एकेक पाण्यात भिजवून चमच्यानं भरवायचा. मास्तर जी प्रार्थना म्हणत ती तिला येत नव्हती, म्हणून ती गप्प राहायची.

फादरनी तिला समजावलं, आवाज न चढवता. हा प्रसाद नव्हे, हे साक्षात ख्रिस्ताचं शरीर. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्याच्याकडे हे सोपवून जाता येत नाही. चूक तिची नव्हती, मास्तरांची होती. पण यापुढे तिनं हात लावायचा नाही.

“न्हाय लावणार,” जाईबाई म्हणाली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

फादरनी प्रार्थना म्हटली, छोटी डबी उघडली, भाकरीचा तुकडा मोडून पुढे धरला. “ख्रिस्ताचं शरीर.”

कातरीनमायनं तोंड घट्ट मिटून घेतलं. तिला आता माणसं ओळखू येत नव्हती. फादरनी पुन्हा म्हटलं. तिनं भिंतीकडे मान फिरवली. तिसऱ्यांदाही तेच झालं.

फादरनी मागे वळून पाहिलं. “तुम्ही सांगा त्यांना.”

जाईबाई आली, पण पलंगापासून हातभर दूरच थांबली.

“माय, आ कर.”

म्हातारीनं तोंड उघडलं. फादरनी तुकडा तिच्या जिभेवर ठेवला आणि पाण्याचा चमचा लावला. पुढच्या प्रत्येक तुकड्याला जाईबाईला हाक मारावी लागली. अर्धा तास लागला. मग फादरनी कातरीनमायच्या कपाळावर क्रूसाची खूण केली, डबी खिशात ठेवली आणि ते निघाले.

“फादर,” जाईबाई म्हणाली. तिचे दोन्ही हात पाठीमागे होते. “तिच्या हनुवटीवर एक कण ऱ्हायलाय.”