चार्जिंगचा नंबर

"दादा, माझे वडील सीरियस आहेत. मला आधी गाडी चार्जिंगला लावू द्याल का?"

प्रबुद्धने चार्जरची गन नुकतीच आपल्या गाडीला लावली होती. त्याने वळून पाहिलं. राजेश्वरी धावत आल्यामुळे धापा टाकत होती. तिच्या गाडीचं दार उघडंच राहिलं होतं.

चार्जर हॉटेलच्या मागे होता, जनरेटर आणि भांडी घासायची मोरी यांच्यामध्ये. हायवेवरून तो दिसत नव्हता. गन दोन होत्या, पण एक बंद म्हणून तिला प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली होती. पहाटे शिवतेजचा, तिच्या चुलतभावाचा, फोन आला तेव्हा राजेश्वरीची गाडी अर्धीच चार्ज झालेली होती. ती तशीच पुण्याहून निघाली. सातारा रस्त्यावरच्या खंडाळ्याचा चार्जर बंद होता. साताऱ्यातला एका मॉलच्या तळघरात होता आणि मॉल उघडला नव्हता. फोनवरच्या नकाशात हिरवे ठिपके मात्र भरपूर होते.

"तुम्हाला किती वेळ लागेल?" तिने विचारलं.

"पंधरा-वीस मिनिटं. साताऱ्यापत्तोर जाण्यापुरतं झालं की बास. आईला जरा बरं न्हाई, दाखवायला चाललोय. रात्री गावात लाईट न्हवती, गाडी चार्जच झाली न्हाई. तुमी?"

"सांगली. कुपवाडला घर आहे."

म्हणजे ती दक्षिणेला जाणार होती आणि तो उत्तरेला. त्याला पंधरा मिनिटं थांबणं अवघड दिसत नव्हतं. तिला ती पंधरा मिनिटं फार मोठी वाटली. शिवतेज फोन उचलत नव्हता.

त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवरून त्याच्या आईने, चंद्राबाईंनी, पाय खाली सोडले. "काय म्हणत्यात रं त्या?"

"वडील सीरियस हायत त्यांचं."

"मग काढ की ती नळी! बघत काय उभा ऱ्हायलास?"

"आये, डॉक्टरनं तुला लगीच न्यायला सांगितलंय."

"मला काय धाड भरलीया? पित्त हाय. त्या पोरीला आधी लावू दे."

राजेश्वरीने त्यांच्याकडे पाहिलं. सावली होती, वारा होता, तरी चंद्राबाईंच्या वरच्या ओठावर घाम होता. उजव्या हाताने त्या डावा खांदा दाबत होत्या. राजेश्वरी कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होती. अशा घामाचा अर्थ तिला माहीत होता. तिने तो पाहिला आणि आपल्या गाडीच्या चार्जिंगचं झाकण उघडलं.

हायवेवर वेगाने आल्यामुळे बॅटरी तापली होती. तापलेली बॅटरी वीज सावकाश घेते. पडद्यावरचा आकडा रेंगाळत होता. चंद्राबाईंनी डबा उघडून तिच्या हातात चपाती-भाजी ठेवली.

"मला नको, मावशी."

"खा मुकाट्यानं. तिकडं गेल्यावर तुज्या तोंडात काय जायचं न्हाई."

राजेश्वरीने दोन घास खाल्ले. ती निघताना चंद्राबाई लेकाला म्हणाल्या, "नंबर घे रं तिचा. पोचली का इचारायला." त्या हॉटेलच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला, पण तो पुरता वर गेला नाही.

कुपवाडला घरासमोर बांबू पडलेले होते.

तिचे वडील, नाना, पुढच्या खोलीत जमिनीवर होते. हनुवटीला फडकं बांधलेलं होतं. राजेश्वरीने त्यांचा हात हातात घेतला. बोटं सरळ होईनात. शरीर इतकं ताठायला बरेच तास लागतात. तिने मनातल्या मनात मागे हिशेब केला.

"शिवा, तू फोन केलास तेव्हा..."

शिवतेज खाली बघत होता. "तवा जाऊन लय वेळ झालता, आक्का. तू एकटी गाडी चालवत येणार. सीरियस हाय म्हनूनच सांगायचं असतं."

"आणि मी उशिरा आले असते तर?"

"तर काय? संध्याकाळ झाली असती तरी थांबलो असतो. तू आल्याबगार माती करणार व्हतो व्हय?"

बायकांनी तिला धरून बाजूला बसवलं. तेवढ्यात फोन वाजला. ती उठून परसात गेली.

"ताई, प्रबुद्ध बोलतोय. चार्जरवाला. पोचलात न्हवं?"

"पोहोचले. आई कशा आहेत?"

पलीकडे कुणीतरी रडत होतं.

"तुमची गाडी हायवेच्या पुलाखालनं पलीकडं गेली, आन् थोड्या वेळानं ती खुर्चीवरच कलंडली. गाडीत चार्जिंग न्हवतं. हॉटेलवाल्यांनी टेम्पोत घातली. साताऱ्यापत्तोर जित्ती पोचली न्हाई."

घरातून राजेश्वरीला कुणीतरी हाक मारत होतं. फोनवरच्या त्या माणसाला द्यायला तिच्याकडे एकच गोष्ट होती.

"दादा, माझे वडील भेटले मला," ती म्हणाली. "बोलले माझ्याशी. तुमच्या आईमुळे."



"असू द्या, ताई," तो हळू म्हणाला. "तुमी गेल्यावर म्या चिडलो तिच्यावर, तवा म्हणली, 'बाप गेलाय रं त्या पोरीचा, तिला कुणी सांगितलं न्हाई. मातीला तरी येळंवर पोचू दे.'"